पाळणा संपतो तिथे

"डॉक्टर, हे औषध पुढच्या सोमवारी सुरू केलं तर चालेल?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी फाइलमधून मान वर काढली. "का? घरात काही कार्य आहे का?"

"गाणं आहे," आई म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. सोलापुरात मार्च सुरू झाला होता आणि दवाखान्यासमोरच्या कडुनिंबाखाली नातेवाइकांनी चादरी अंथरल्या होत्या.

"तुम्ही गाता?"

"ऐकते. रविवारी सकाळी कार्यक्रम आहे. तुम्हीच म्हणालात ना, या औषधाने कान जाऊ शकतात."

"जातात असं नाही म्हणालो. काहींना ऐकू कमी येतं. त्याआधी मळमळ, किडनी, या गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत, आजी."

"त्या तुम्ही सांभाळाल. कानाचं मीच बघायला हवं."

डॉक्टर हसले. आठवड्याने काही बिघडत नाही म्हणाले आणि फाइलवर नवीन तारीख घातली. आई खुर्चीतून उठली तेव्हा तिचा चेहरा शाळा लवकर सुटल्यासारखा झाला होता. गळ्याच्या बाजूची गाठ तिने पदराने झाकून घेतली. आजाराने तिचा आवाज खाली उतरला होता, जरा भरडला होता. फोनवर लोक तिला 'साहेब' म्हणत. तिला त्याची मजा वाटायची.

आई म्हणजे सुमित्रा शेटे. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. गाणं ती शिकली नव्हती. समूहगीत स्पर्धेच्या वेळी संगीताच्या बाईंना मदत म्हणून ती मागच्या रांगेतल्या, जाड आवाजाच्या मुलींना सांभाळायची, तेवढंच. वडील गेल्यानंतर आणि निवृत्तीनंतर तिला 'बिनसाज' सापडले.

बिनसाज हा पुण्यातला पाच जणांचा गट. पेटी नाही, तबला नाही, तानपुरासुद्धा नाही, सगळं गळ्यातून. फिलिप नावाचा एक जाडगेला मुलगा तोंडाने तबला वाजवायचा, आणि तो इतका खरा की पहिल्यांदा ऐकणारा व्यासपीठावर तबला शोधायचा. श्रीकर त्यांचा म्होरक्या. तो सगळ्यांच्या खालून, तळघरातून आल्यासारखा सूर लावायचा. दोघं वरचं गायचे. आणि मध्ये हेमांगी, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नसे. ते सुटी सुटी गाणी म्हणायचे नाहीत. चार-पाच लोकगीतं एकात एक ओवून म्हणायचे, त्याला ते 'गोफ' म्हणायचे. जात्यावरच्या ओव्या, त्यांतून पाळणा, पाळण्यातून होडीवाल्यांचं गाणं, त्यातून शेतकापणीची भलरी: हा दुसरा गोफ. आईचा जीव त्यावर होता.

मी तेव्हा नोकरीतून रजा घेऊन तिच्याकडे येऊन राहिले होते. सकाळी दूध तापायला ठेवलं की ती सीडी लावायची आणि माझ्याशी कमी, त्या पाच जणांशी जास्त बोलायची.

"श्रीकर, घाई नको. हां, असा."

"हा बघ फिलिप. डग्गा तोंडाने सगळेच वाजवतात गं, हा पोटाने वाजवतो."

"आई, त्याला ऐकू येत नाहीये."

"मला येतंय ना."

मी वाचणारी बाई. स्वयंपाकघरातसुद्धा एक पुस्तक डब्याला टेकवून उघडं असायचं. गाणं मला मागे चालू असलेलं आवडायचं, पंख्यासारखं. पाळणा संपत आला की ती हात वर करायची. "थांब. आता जागा येईल." मग मी थांबायचे. कुकरची शिट्टी व्हायची, किंवा दारावर भाजीवाला यायचा, किंवा काहीच व्हायचं नाही आणि मला एवढंच कळायचं की पाळणा संपून होडीचं गाणं सुरू झालं आहे.

"ऐकलंस?"

"छान आहे."

"छान तर आहेच," ती म्हणायची आणि दूध उतरवायची.

ती जागा तिला एकदा समोर बसून ऐकायची होती. सीडीवर सगळे आवाज एकाच खोक्यातून येतात, असं तिचं म्हणणं. समोर बसलं तर कोण हललं आणि कोण नाही ते दिसेल. पुण्याला जाऊ, जाऊ म्हणत राहिलं होतं, आणि मग गाठ आली. अशात बिनसाज स्वतःच सोलापूरला यायचे ठरले.

ठरवलं होतं वळसंगकर सरांनी. ते आईच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर गावातल्या निम्म्या कार्यक्रमांची व्यवस्था त्यांच्याकडे आली होती. दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी ते शेंगांच्या चटणीची पुडी घेऊन आले.

"बाई, पहिल्या रांगेत मधली खुर्ची तुमची. अध्यक्षांना बाजूला सरकवलंय."

"अध्यक्षांना बसू द्या. मला दुसरी रांग चालेल, पुढच्या खुर्चीवर हात टेकता येतो."

"म्हणजे अध्यक्षांच्या टकलावर. बरं. त्या मुलांना मी सांगून ठेवतो की आमच्या बाईंनी तुमची सीडी झिजवली."

"सीडी झिजत नाही, सर. विज्ञान शिकवायचात ना तुम्ही?"

सर मोठ्याने हसले. मग त्यांनी चष्मा पुसला, जरा जास्तच वेळ. "फर्माईश काय सांगू?"

"दुसरा गोफ."

"तो तर म्हणतीलच. त्यात तुमचं खास कुठलं?"

आईने जरा विचार केला. ज्या गोष्टीला नाव नाही ती सांगायची म्हणजे तिच्या शेजारच्या गोष्टीचं नाव सांगावं लागतं. "पाळणा आहे ना, तो संपतो तिथे..."

"पाळणा," सर म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला. "माझी आई म्हणायची पाळणे. बरोबर आहे, बाई. या वयात तेच आठवतं."

आईने तोंड उघडलं होतं. पण सरांना त्यांच्या आईची आठवण आली होती आणि मध्ये बोलण्याची तिला सवय नव्हती. तिने चहा पुढे केला. मीही तिथेच होते, आणि मलाही वाटलं की तिला पाळणा आवडतो.

रविवारी तिने जांभळी इरकल नेसली. गळ्याभोवती पदर नीट घेता यावा म्हणून तीच. रिक्षात तिने विचारलं, "कापूस वगैरे नाही ना गेला कानात? काल तेल घातलं होतं." मी पाहून नाही म्हणाले.

सभागृह एका शाळेचं होतं. पंखे आवाज करत होते. आईने सरांना बोलावून ते बंद करायला लावले, तेव्हा मागच्या रांगांतून कुरबुर झाली. पाच जण आले, साधेच, चुरगळलेल्या सुती झब्ब्यांत. हेमांगी सगळ्यांत बुटकी होती, चष्मा लावलेली, बँकेत काउंटरवर बसेल अशी. श्रीकरने बोट वर केलं, कुणीतरी ओठ मिटून एक सूर दिला, आणि गाणं सुरू झालं.

मला त्यातलं कळत नाही हे मी आधीच सांगितलं. पण समोर बसल्यावर जे दिसतं ते मला दिसलं. पाच माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होती, कुणीही आमच्याकडे पाहत नव्हतं. एकाचा श्वास संपत आला की दुसरा आधीच तिथे उभा असायचा. फिलिप नुसत्या ओठांनी आणि जिभेने ताल धरत होता, आणि त्याच्या कपाळावर घाम होता. पहिला गोफ संपला तेव्हा पंखे बंद आहेत हे सगळे विसरले होते. आई टाळ्या वाजवत नव्हती. तिने दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले होते आणि ती चक्क खुशीत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "फिलिप समोरून जास्त चांगला आहे."

मध्यंतर झालं. नंतर ओव्या सुरू झाल्या. दुसरा गोफ. आईने माझं मनगट धरलं.

ओव्या संपल्या आणि श्रीकरने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. तो पुढे आला.

"एरवी आम्ही गोफात पाळण्याची दोनच कडवी घेतो आणि पुढे जातो. पण आज इथे शेटेबाई आल्या आहेत. त्यांचा हा सगळ्यांत आवडता पाळणा आहे, असं सरांनी आम्हाला सांगितलं. त्या उद्यापासून एका मोठ्या लढाईला निघाल्या आहेत. तेव्हा आज अख्खा पाळणा, सगळी कडवी, फक्त त्यांच्यासाठी."

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या माना मागे वळल्या. आईने हात जोडले. माझ्या मनगटावरची तिची बोटं सैल झाली, पण तेव्हा मला वाटलं ती संकोचली.

त्यांनी पाळणा म्हटला. त्याहून चांगला पाळणा मी कधी ऐकलेला नाही. प्रत्येक कडव्याला एकेक आवाज पुढे येत होता आणि बाकीचे चौघं त्याच्याखाली झोळी धरत होते. फिलिपने तबला सोडून नुसता पाळण्याच्या दोरीचा आवाज काढला. वळसंगकर सर विंगेत उभे राहून उघडउघड रडत होते. शेवटच्या कडव्याला आई पुढे सरकली. पाठ ताठ, श्वास छातीत भरून घेतलेला, पोहायला उडी मारणाऱ्या माणसासारखा.

पाळणा संपला. पाचही आवाज एकत्र एका सुरावर आले आणि एकत्र थांबले. टाळ्यांचा पाऊस पडला. लोक उभे राहिले.

आईने तो श्वास हळूहळू सोडला.

मग अध्यक्षांच्या हस्ते आईला शाल आणि श्रीफळ दिलं. अध्यक्ष पाळण्यांच्या परंपरेविषयी बोलले, आणि बराच वेळ बोलले. बाराला सभागृह एका साखरपुड्यासाठी रिकामं करायचं होतं. बाहेर केटररची भांडी उतरू लागली होती. श्रीकरने घड्याळ पाहिलं, बाकीच्यांना काही खूण केली आणि ते सरळ भलरीवर गेले. होडीचं गाणं झालंच नाही.

कार्यक्रमानंतर सर आम्हाला मागच्या व्हरांड्यात घेऊन गेले. गट अक्कलकोटला दर्शनाला निघायच्या घाईत होता. श्रीकर आईच्या पाया पडला. "काकू, समाधान झालं ना?"

"झालं हो. किती मनापासून म्हटलंत."

"बरं होऊन पुण्याला या. तिथे आमच्या तालमीला बसा."

"येईन," आई म्हणाली.

गाडी गेली. सर साखरपुडावाल्यांशी वाद घालायला आत गेले. मी रिक्षा बघायला फाटकापर्यंत जाऊन आले, रिक्षा नव्हती. परत आले तर आई व्हरांड्यातल्या बाकावर होती आणि शेजारी हेमांगी. तिची मावशी सोलापुरात होती. ती अक्कलकोटला गेली नव्हती, मावसभाऊ न्यायला यायचा होता. दोघींमध्ये शालीचं पुडकं होतं.

हेमांगी म्हणत होती, "काकू, एक विचारू? तुम्हाला पाळणा नको होता ना?"

"असं कसं? सुंदर झाला."

"मी वरून बघत होते. पाळणा संपताना मी सवयीने श्वास घेतला. गोफात तिथून पुढे मला सूर धरून ठेवायचा असतो, म्हणून. आज नव्हता धरायचा, तरी घेतला गेला." ती थांबली. "तुम्हीही घेतलात. अख्ख्या हॉलमध्ये फक्त तुम्ही."

आईने शालीच्या पुडक्याची दोरी सरळ केली. "मला पुढचं हवं होतं," ती म्हणाली. "ती होडी सुरू होते ना, ती जागा. पण तुम्ही इतक्या प्रेमाने केलंत. कुणाला काय म्हणणार? आणि मला सांगता तरी कुठे आलं."

"सरांनी आम्हाला पाळणा सांगितला."

"सरांची चूक नाही. पाळणाच म्हणाले मी."

हेमांगीने फाटकाकडे पाहिलं. गाडीची धूळसुद्धा बसली होती. "श्रीकर असता तर आत्ता म्हटलं असतं आम्ही. इथेच."

"जाऊ दे गं."

"माझा सूर धरून दाखवू? तुमच्यासाठी?"

आईने मानेनेच हो म्हटलं. हेमांगीने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि पाळण्याची शेवटची ओळ हळू आवाजात म्हटली. शेवटच्या सुरावर आली आणि तिथेच राहिली. व्हरांड्यात तो सूर स्वच्छ उभा राहिला. आत भांडी वाजत होती. तो पाळण्याचा शेवट होता. बाळ निजलं, दिवा मंद केला, एवढंच. श्वास संपल्यावर ती थांबली.

"पाळण्याचाच राहिला," आई म्हणाली.

"हो. माझ्या एकटीने काही होत नाही त्यात. मी कुठे जात नाही. खालचे जातात."

"माहीत आहे." आईने पुडकं बाजूला सरकवलं. "श्रीकरचा खालचा मला येतो," ती म्हणाली. "म्हणजे येतो असं वाटतं. दुधाजवळ उभी राहून म्हणत असते."

"मग म्हणा ना."

"या आवाजात?"

"तोच आवाज लागतो, काकू. श्रीकरला सकाळी सकाळी सोडलं तर इतका खाली लागतसुद्धा नाही."

आई हसली. तिने पदर गळ्यावरून बाजूला केला. आजारी पडल्यापासून घराबाहेर तिने तसं पहिल्यांदा केलं. हेमांगीने पुन्हा ती ओळ घेतली, पुन्हा त्या सुरावर आली. आईने तोच सूर धरला, भरड, थोडा कापणारा. क्षणभर दोघी एकाच ठिकाणी होत्या. मग आई खाली उतरू लागली. एकेक पायरी चाचपत, अंधारात जिना उतरावा तशी. हेमांगी हलली नाही. आई खाली, आणखी खाली गेली आणि एका सुरावर येऊन थांबली.

आणि वरचा सूर बदलला.

तो बदलला नव्हता. मी हेमांगीच्या गळ्याकडे पाहत होते. तोच सूर, तोच श्वास. पण आतापर्यंत तो घरी पोचलेला होता आणि आता तो निघाला होता. पाय काठावर होते, तेच पाय, आणि खाली पाणी आलं होतं. दोघींपैकी कुणीही होडीच्या गाण्याचा एक शब्दही म्हटला नाही, तरी होडी सुटली. त्या स्वयंपाकघरात कितीतरी सकाळी तिने हात वर केला होता, तो यासाठी.

आईचा श्वास आधी संपला. तिला खोकला आला. हेमांगीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, मी बाटलीतलं पाणी दिलं. पाणी पिऊन तिने विचारलं, "झालं का गं ते?"

"झालं, काकू. अगदी बरोबर जागेवर उतरलात."

"मला नाही ऐकू आलं."

हेमांगीने बाटलीचं झाकण लावलं.

"माझं सगळं लक्ष पुढच्या पायरीकडे. तुझा आवाज होता एवढं कळत होतं. पण ते नाही आलं ऐकू."

"म्हणणाऱ्याला नाही येत," हेमांगी म्हणाली. "मलाही कधी आलं नव्हतं. सीडी निघाली तेव्हा ऐकलं, की अच्छा, हे असं होतं होय." तिने चष्मा लावला. "पुन्हा करू?"

आईने प्रयत्न केला. पण खोकल्याने आवाज फाटला होता, दुसऱ्याच पायरीवर तो निसटला. तेवढ्यात हेमांगीचा मावसभाऊ मोटारसायकल घेऊन आला. हेमांगी आईच्या गळ्यात पडली, गाठ सांभाळून, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी औषध सुरू झालं. काहींच्या बाबतीत होतं म्हणून डॉक्टर म्हणाले होते, ते आईच्या बाबतीत झालं. आधी वरचे आवाज गेले, भांड्यांचे, पाखरांचे. मग माणसांचे बोल पुसट झाले. सीडी लावली तर तिला फिलिपचा डग्गा तेवढा कळायचा, तोही हात टेबलावर ठेवला तर. पुढच्या संक्रांतीआधी ती गेली. पुण्याला जाणं झालं नाही.

पण त्या रविवारी तिला सगळं ऐकू येत होतं. रिक्षा मिळाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ती शाल मांडीवर घेऊन बसली. सात रस्ता चौकापर्यंत ती बाहेर पाहत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"तू तिथे होतीस ना? तुला ऐकू आलं?"

"आलं."

"सांग."

मी शब्दांचं माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं वाचलेली. मी तिला सांगितलं: ती हलली नाही, आई. तू खाली गेलीस आणि ती होती तिथेच निराळी झाली. पोचलेली होती, ती निघाली.

आईने डोळे मिटून घेतले. "हां," ती म्हणाली. "तेच. तेच ते." रिक्षा खड्ड्यातून गेली तरी तिने डोळे उघडले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाली, "परत सांग."

मी परत सांगितलं. तेच शब्द होते, पण दुसऱ्यांदा सांगताना ते थोडं कमी झालं. तिला ते कळलं असणार, कान चांगले होते तिचे. तरी घर येईपर्यंत ती मला परत परत सांगायला लावत राहिली.